आत्याच्या कॉलेजातला ओपन डे

खारूला वकील व्हायचं होतं आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण घरात वकील होतीच. म्हणजे घरात नव्हती, परदेशात होती, पण बाबांच्या बोलण्यात ती रोज हजर असायची. बाबांचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, भिंग बदलत बदलत "हे बरं दिसतं की हे?" विचारून झालं, की बाबा हळूच गाडी बहिणीकडे वळवायचे. "आमची धाकटी तिकडे हॉलंडला अॅडव्होकेट आहे. मिस्टर मेकॅनिकलमधले." गिऱ्हाइकाच्या नाकावर ते अवजड यंत्र बसवलेलं असल्यामुळे त्याला उठून पळताही यायचं नाही.

खारूचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं. लहानपणी ती गालात काहीबाही कोंबून घरभर सुसाट पळायची, म्हणून आत्यानेच तिला खारू केलं. आत्या दर रविवारी न चुकता फोन करायची. घरी मात्र क्वचित यायची. आजी गेली तेव्हा आली, आजोबा गेले तेव्हा आली, आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत. "कोर्टाच्या तारखा असतात तिला," बाबा भेटायला आलेल्यांना सांगायचे. आत्या तेव्हा स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून चहा गाळत असायची.

बारावीनंतर खारूने दोन डच विद्यापीठांत कायद्याच्या इंग्रजी कोर्ससाठी अर्ज केला आणि दोन्हीकडून होकार आला. एक विद्यापीठ आत्याच्याच शहरातलं. जुनं, मोठं, नावाजलेलं. दुसरं तिथून रेल्वेने काही तासांवरच्या एका लहानशा गावात, जिथे म्हणे दहा-पंधरा पोरं एका टेबलाभोवती बसवून शिकवतात.

"टेबलाभोवती शिकवणी लावतात, विद्यापीठ नाही," बाबांनी निकाल देऊन टाकला. "आत्या ज्या कॉलेजात शिकली तिथेच तू जायचं. राहायला आत्या, अडलं तर आत्या. विषय संपला."

पण आत्याच फोनवर वेगळं बोलायची. "खारू, ते दुसरं नीट बघ हं."

"का गं? तुझं कॉलेज वाईट आहे का?"

"वाईट नाही. फार मोठं आहे."

एवढंच. वकील माणूस मोजकंच बोलतो, असं खारूने धरून चाललं.

शेवटी तोडगा आईने काढला. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत तिचा कशावर विश्वास बसत नसे. "जिला तिथे तीन वर्षं काढायचीत तिने आधी डोळ्यांनी बघून यावं," ती म्हणाली. दोन्ही विद्यापीठांचे ओपन डे एकाच आठवड्यात होते. खारू निघाली.

आत्याचं घर सायकलच्या दुकानाच्या वर होतं. दोन खोल्या, स्वच्छ, खिडकीत कुंड्या. खाली दुकानात आत्याचे डच मिस्टर, म्हणजे काका, गुडघ्यावर बसून कुणाच्या तरी सायकलची साखळी चढवत होते. त्यांनी काळेकुट्ट हात पाठीमागे लपवले आणि कोपर पुढे करून खारूला शेकहँड दिला. हेच ते मेकॅनिकल. खारूला हसू फुटलं. तसं पाहिलं तर बाबा खोटं काहीच बोलले नव्हते. वर आल्यावर तिने सवयीने पुस्तकांचं कपाट शोधलं. स्वयंपाकाची पुस्तकं होती, रहस्यकथा होत्या, कायद्याचं एकही नव्हतं. ऑफिसात ठेवत असेल, तिने स्वतःची समजूत घातली.

जेवण झाल्यावर आत्या टॉवेलांच्या घड्या घालत तिच्याजवळ बसली. एक घडी घातली, मोडली, परत घातली.

"खारू, उद्या..."

"काय?"

"उद्या मला लवकर जायचंय. कामावर. तू ट्रामने ये. शेवटच्या थांब्याच्या आधीचा थांबा." आणि थोडं थांबून, "तिथेच भेटू आपण."

"कोर्टातून येशील तू?"

आत्या टॉवेल घेऊन उठली. "ये तर खरं," ती आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खारू कॉलेजात पोचली तेव्हा काचेच्या दारांतून माणसं लोटत होती. पोरं, त्यांचे आईबाप, कागदी पेल्यातली कॉफी, गळ्यात अडकवायची कार्डं. पिवळा टी-शर्ट घातलेली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी खारूच्या गटाला इमारत दाखवायला निघाली. भलतीच बडबडी होती. लायब्ररी दाखवली, नकली खटले चालवायचं लाकडी कोर्ट दाखवलं. खारू त्या कोर्टातल्या पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली आणि तिला वाटलं, इथेच आत्या उभी राहिली असेल.

मग ते मोठ्या लेक्चर हॉलपाशी आले. दार उघडंच होतं. आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. गडद निळं जाकीट घातलेली एक बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खुर्च्यांची चवड चाकाच्या गाडीवर लादून ढकलत बाहेर येत होती. गाडीचं एक चाक उंबऱ्यात अडकलं. बाईने पायाने ते सवयीने उचललं आणि मान वर केली.

आत्या होती.

खारूला पहिल्यांदा वाटलं, मदत करतेय कुणाला तरी. पुढच्याच क्षणी जाकिटाच्या खिशावरचं कार्ड दिसलं. त्यावर आत्याचा फोटो होता.

"ही भेटलीच बघा!" पिवळी मुलगी आनंदाने ओरडली. "या इमारतीत काही हरवलं, बिघडलं, बंद पडलं की हिला शोधायचं. परीक्षेला पर्यवेक्षक पण हीच असते. पेन संपलं तर पेन, सर्दी झाली तर रुमाल. आमच्या निम्म्या प्रोफेसरांच्या आधीपासून आहे ही इथे!"

सगळे कौतुकाने हसले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. आत्याची नजर गटावरून फिरत फिरत खारूवर आली आणि तिच्या ओठांवर हसू यायला लागलं.

खारूने तोंड फिरवलं.

भिंतीवर कसलीशी सूचना लावलेली होती. ती डच भाषेत होती. खारू ती ओळ न ओळ वाचत राहिली, एक अक्षर कळत नसताना. मागून चाकांचा आवाज आला, जवळ आला, तिच्या पाठीपाशी अगदी किंचित मंदावला आणि पुढे निघून गेला.

त्यानंतर त्याच हॉलमध्ये माहितीचं भाषण होतं. एक प्रोफेसरबाई छान समजावून सांगत होत्या. इंग्रजीतला हा कोर्स युरोपियन आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा आहे. एवढ्या पदवीवर या देशात वकिली करता येणार नाही. त्यासाठी डच कायदा, डच भाषेत शिकावा लागतो. आणि आपापल्या देशात ही पदवी किती चालते ते ज्याने त्याने आधी विचारून घ्यावं. हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला कुणाचा तरी बाप उभाच राहिला. "म्हणजे इथे शिकून इथे वकील नाही?" "नाही," प्रोफेसरबाई म्हणाल्या, "म्हणून तर सगळं आधी सांगतोय." बाप मटकन खाली बसला.

एरवी खारूसुद्धा हादरली असती. बाबांनी तर तिच्या नावापुढे 'इंटरनॅशनल अॅडव्होकेट' कधीच लावून टाकलं होतं. पण ज्याला आधीच एक सणसणीत बसली आहे त्याला दुसरी कळत नाही, तसं तिचं झालं. तिला एवढंच दिसत होतं, की माईक खरखरायला लागल्यावर बाजूच्या दारातून निळं जाकीट आलं, वायर हलवून नीट केली आणि वाकून निघून गेलं.

लोक पांगले. खारू जागची उठली नाही. उठून कुठे जायचं? राहायचं घर आत्याचंच होतं. हॉल रिकामा झाला, दिवे एकेक करून विझायला लागले. आत्या वरच्या रांगेपासून कागदी पेले गोळा करत खाली आली आणि तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली.

"विचार," ती म्हणाली.

"तू इथे..." खारूने शब्द शोधला. सापडला तोही नको तो. "शिपाई आहेस?"

"हो. आपल्याकडे शिपाईच म्हणतील. इथे म्हणायला लांबलचक शब्द आहे, पण खुर्च्या त्याच."

"आणि वकिली?"

"पहिलं वर्षच पार पडलं नाही, बाळा. मी डच कायदा घेतला होता. वर्षभर भाषा शिकले आणि वाटलं, आली आपल्याला." आत्याने खिडकीकडच्या एका रांगेकडे हनुवटीने दाखवलं. "तिथे बसायचे मी. शिकवणारे काहीतरी विनोद करायचे. सगळा हॉल हसायचा. मी इतरांचं बघून मागाहून हसायचे. वर्षभर तेच केलं. इथे नियम आहे, पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर त्या विद्यापीठात तो कोर्स पुढे चालू ठेवता येत नाही. मला निम्मेही नव्हते. आणि कुणाला कळलंच नाही गं की मी बुडतेय. चारशे डोक्यांत एक डोकं."

खारू तिच्याकडे बघत राहिली. तिला कीव यायला हवी होती, पण आला तो राग. इतके रविवार! इतक्या वेळा तिने फोनवर विचारलं होतं, आत्या, खुनाची केस असते का गं?

"मग आम्हाला इतकी वर्षं खोटं का सांगितलंस?"

"मी?" आत्याने मान वळवून पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "मी कधी म्हटलं तुला, मी वकील आहे? आठवून बघ बरं."

खारू आठवायला लागली. खुनाची केस म्हटल्यावर आत्या हसायची आणि विचारायची, तू आज काय खाल्लंस? कोर्टाच्या तारखा बाबा सांगायचे. अॅडव्होकेट बाबा म्हणायचे. मेकॅनिकलसुद्धा बाबाच. आत्याच्या तोंडचं एक वाक्य, एक शब्द तिला आठवेना.

"निकाल लागला त्याच दिवशी मी घरी फोन केला होता," आत्या पेल्यात पेला घालत म्हणाली. "फोन दादाने घेतला. पुढचं त्याला विचार. काल मी तुला सांगणार होते, जमलं नाही. म्हटलं, बघू दे स्वतःच."

संध्याकाळी आत्याच्या स्वयंपाकघरातून खारूने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा दुकानात होते, दुकान बंद करायच्या बेतात, एकदम खुशीत. "काय मग? पाहिलंस कॉलेज? आमच्या वकीलसाहेब काय म्हणतात?"

"बाबा, आत्या नापास झाली तेव्हा तिने तुम्हाला फोन केला होता?"

बाबांचा चेहरा पडद्यावर तसाच थिजला. तिला वाटलं नेटवर्क गेलं. मग त्यांची पापणी हलली.

"थांब जरा. गिऱ्हाईक आहे."

त्यांच्या मागच्या आरशात खुर्ची स्वच्छ रिकामी दिसत होती.

"कुणी नाहीये बाबा."

बाबांनी हातातली किल्ली काउंटरवर ठेवली. मग खालच्या आवाजात सांगायला लागले. तेव्हा आजी आजारी होती. तिने लेकीला परदेशी धाडायला सगळ्यांशी भांडण काढलं होतं. नापास झाली हे ऐकवलं असतं तर ती अंथरुणातून उठली नसती, असं त्यांना वाटलं. म्हणून म्हणाले, पास झाली. दुसऱ्या वर्षी लोक विचारायला लागले, तेव्हा दुसऱ्या वर्षीही पास केली. एकदा पास व्हायला लागल्यावर पदवी द्यावीच लागली.

"पण आजी जाऊन किती वर्षं झाली, बाबा. आजोबा पण गेले. नंतर?"

"नंतर काय सांगणार होतो?" बाबा एकदम चिडले. "माझी बहीण कॉलेजात शिपाई आहे, असं सांगू लोकांना?"

खारूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. हे बोलणारे तिचे बाबा होते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे डोळे फुकट तपासणारे, दुकान झाडणाऱ्या बाईला अहो-जाहो करणारे. आणि त्याच वेळी तिला तो सूचनेचा कागद आठवला, न समजणाऱ्या भाषेतला, जो ती इतक्या मन लावून वाचत होती.

ओट्यापाशी भाजी चिरणाऱ्या आत्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि फोन खारूच्या हातातून घेतला.

"दादा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी नापास झाले होते रे. माझं रडून झालं असतं, मी चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि दर सुट्टीला घरी आले असते. तू मला नापासच होऊ दिलं नाहीस. मला माझ्याच घरी दुसरीच कुणी बाई बनून यावं लागायचं. म्हणून येत नव्हते मी. तारखांमुळे नाही."

बाबांनी फोन बंद केला. रागाने की आणखी कशाने, ते काही कळलं नाही.

त्या रात्री जेवण लवकरच आटोपलं. काकांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी काय ते ओळखलं आणि मुकाट्याने भांडी घासायला घेतली. सकाळी खारू आत्याबरोबरच बाहेर पडली, तिच्याबरोबर ट्राममध्ये बसली आणि कॉलेजच्या काचेच्या दारातून तिच्या बरोबरीने आत गेली. तिला त्या पिवळ्या टी-शर्टवाल्या मुलीला गाठायचं होतं. ती काही सापडली नाही. मग खारूने कॉफी विकणाऱ्या माणसालाच सांगून टाकलं, "ही माझी आत्या आहे." तो म्हणाला, "बरं. साखर हवी का?" आत्या इतकी हसली की तिला किल्ल्यांचा जुडगा धरून ठेवावा लागला.

"काल मी—" खारूने सुरुवात केली.

"पाहिलं मी," आत्या म्हणाली. "लागलं. पण अठरा वर्षांची असताना मीही तेच केलं असतं. जा, तुझी गाडी चुकेल."

दुसऱ्या गावातलं विद्यापीठ दिसायला अगदीच साधं होतं. नमुन्याच्या तासाला खारूसकट दहा-बारा जण टेबलाभोवती बसले. एका माणसाने शेजाऱ्याच्या बागेतलं झाड कापलं, एवढीच केस होती. अर्ध्या तासाने शिकवणाऱ्या बाई खारूकडे वळून म्हणाल्या, "तू हसलीस, पण तुला मुद्दा कळला नाही. कुठे अडलं?" खारू चांगलीच ओशाळली. मग तिने कुठे अडलं ते सांगितलं. परतीच्या गाडीत बसेपर्यंत तिचं ठरलं होतं. तिथली पदवीही घेऊन लगेच वकील होता येणार नव्हतंच. घरी परतून आणखी एक परीक्षा, नाहीतर डच शिकून आणखी काही वर्षं, असंच गणित होतं. पण ते तिने बाबांना न विचारता, डोळे उघडे ठेवून मांडलेलं होतं.

घरी परतल्यावर बाबा आणि ती कामापुरतं बोलायचे. आईला यातलं काही माहीत नव्हतं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा नणंद वकील झालेलीच होती. सगळं ऐकल्यावर ती पलंगावर बसली. नंतर म्हणाली, "आणि मी तिला तीन वेळा इस्टेटीच्या कागदांबद्दल विचारलं गं. ती म्हणायची, वहिनी, इकडचा वकील बघ. मला वाटायचं, मेली भाव खातेय."

खारूला न्यायच्या निमित्ताने तिकडच्या उन्हाळी सुट्टीत आत्या आली. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब बगलेत कागद मारून हजर झाले. त्यांच्या गच्चीच्या गळतीवरून सोसायटीशी कज्जा चालला होता.

"वकीलबाई आल्यात असं कळलं. म्हटलं, तज्ज्ञांचं मत घ्यावं."

आत्या कोचावर बसली होती. तिने दादाकडे पाहिलं. आईने पाहिलं. खारू आतल्या दारात उभी होती. बाबांनी साहेबांना खुर्ची दिली, पंखा लावला, पंख्याचा वेग वाढवला, मग कमी केला.

"ती वकील नाही," ते पंख्याच्या बटणाकडे बघत म्हणाले.

"म्हणजे? सोडली का वकिली?"

"नव्हतीच कधी. पहिल्या वर्षी नापास झाली. कॉलेजातच नोकरी करते. वर्ग उघडते, परीक्षा बघते. वकील आहे असं मीच सांगत होतो सगळ्यांना. तुम्हालाही."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं. "अहो, पण मी तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगून बसलोय, की आमच्याकडे परदेशी वकील आहे!"

आत्याला हसू आवरेना. आईने पदर तोंडाला लावला. साहेब कागद गोळा करून, जिन्यात दोनदा मागे वळून बघत, वर गेले. बाबा मात्र अजून भिंतीपाशीच उभे होते.

"बस की, दादा," आत्या म्हणाली.

ते बसले नाहीत. "तेव्हा फोनवर तू रडत होतीस," ते म्हणाले. "मी काय म्हणालो होतो तुला? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही."

"मला आठवतं. 'आवाज कमी कर, आईला ऐकू जाईल.'"

बाबा भिंतीला टेकले आणि टेकल्या टेकल्या खाली सरकत जमिनीवर बसले. इतकं मोठं माणूस असं एका वाक्याने खाली बसताना खारूने कधी पाहिलं नव्हतं. आईने तिचा दंड धरला आणि तिला बाहेर नेलं. दोघी विनाकारण बाजारात जाऊन, काहीच न घेता, बऱ्याच वेळाने परत आल्या. तेव्हा बहीणभाऊ स्वयंपाकघरात होते. आत्या पोळ्या लाटत होती, बाबा भाजत होते आणि तव्यावरची एक चांगलीच करपली होती.

आता खारू त्या लहान गावात शिकते. पहिल्या सहामाहीत एका विषयात राहिली. ते तिने टेबलाभोवतीच्या बाईंना सांगितलं, आत्याला सांगितलं आणि घरी सांगितलं. फेरपरीक्षा दिली आणि जेमतेम सुटली. वकील होईल की नाही ते तिला अजून माहीत नाही. रविवारी ती गाडीने आत्याकडे जाते आणि काकांना मराठी शिकवते. बाबा दुकानात बहिणीविषयी हल्ली फारसं बोलत नाहीत. कुणी मुद्दाम विचारलंच, तर सांगतात, "कॉलेजात आहे," आणि गिऱ्हाइकाने पुढे "प्रोफेसर का?" विचारलं, की हातातलं काम थांबवून म्हणतात, "नाही." अजूनही तेवढं म्हणायला त्यांना जरा वेळ लागतो.